मागल्या आसाची कैफियत

सरकारी दप्तरात हयात घालविलेल्या माणसाला जे थोडेफार ज्ञान निश्चितपणे प्राप्त होते, त्यातले पहिले हे की, ज्या प्रकरणाविषयी कोणीही विचारणा केलेली नाही ते प्रकरण सुस्थितीत आहे असे समजावयाचे असते; आणि दुसरे हे की, अशी विचारणा एकदा का झाली, मग ती करणारा इसम त्या प्रकरणाशी कितीही असंबद्ध असो, त्या घटकेपासून प्रकरणाला पाय फुटतात आणि ते टेबलाटेबलांवरून आपणहून चालू लागते. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर हे ज्ञान आता निरुपयोगी ठरले, अशी माझी समजूत होती. परंतु दिवाळीच्या फराळाला नांदेडहून मुदखेडला आलेल्या आमच्या मेहुण्यांनी, चकलीचा तुकडा दातांखाली फोडीत, अंगणातल्या मोटारीकडे पाहून सहज विचारले,

"दाजी, डिफरन्शियलचं तेल कधी बदललं होतं?"

वास्तविक हे मेहुणे एसटीने येतात आणि एसटीनेच जातात. त्यांच्या वाहनाच्या आसातील तेलाची चिंता वाहण्यास राज्याचे एक महामंडळ तैनात आहे. तरीही माझा घास घशाशी थबकला. इंजिनाच्या तेलाची तारीख मला मुखोद्गत होती. बॅटरीतील पाणी, ब्रेकचे तेल, फार काय, समोरच्या काचेवर उडणाऱ्या पाण्याचीही नोंद मी एका जाड नोंदवहीत ठेविली होती, जी निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या हारांबरोबर कचेरीतून कशीबशी माझ्या घरी आली. मात्र मागल्या दोन चाकांच्या मध्यभागी जो लोखंडी घट लोंबत असतो, त्याच्याही पोटात तेल असते आणि तेही म्हातारे होते, ही वार्ता मला सर्वस्वी नवी होती.

"ते बदलायचं असतं का?" मी विचारले.

"मग? किलोमीटरचा हिशेब असतोय त्याला," असे म्हणून त्यांनी दुसरी चकली घेतली, आणि रात्रीच्या गाडीने ते निश्चिंत मनाने नांदेडला निघून गेले. निश्चिंती एवढी एकच वस्तू त्यांनी आमच्या घरून नेली, असे मी म्हणणार नाही, अनारसेही नेले.

मोटारीचा परिचय करून देणे येथे प्राप्त आहे. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात १९८४ ते २००२ या काळात तयार झालेली हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा जिला म्हणतात, तीच ही. विलायतेतील व्हॉक्सहॉल कंपनीच्या एका जुन्या गाडीवरून ती बेतलेली. लांबलचक बॉनेट, पुढे चार दिवे, मागे तितकीच ऐसपैस डिकी, असा तिचा थाट पाहून त्या काळच्या तरुणांनी तिला स्पोर्ट्स कारचा दर्जा परस्पर बहाल केला, आणि चित्रपटांतील खलपुरुषांनी त्यास अनुमोदन दिले. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाल्यावर ती खरोखरच धावू लागली. परंतु आरंभीच्या गाड्यांना ॲम्बॅसडरचे दीड लिटरचे इंजिन होते, आणि पन्नासच्या आसपास अश्वशक्तीच्या त्या इंजिनावर एवढा देह ओढण्याची कामगिरी सोपविणे म्हणजे एकट्या तलाठ्याकडे अख्ख्या जिल्ह्याचा कार्यभार देण्यासारखे होते. माझी गाडी या आरंभीच्या पिढीतील. ती उभी असताना तिच्या अंगी जो वेग दिसतो तो ती चालू लागताच ओसरतो. म्हणून मी ती बहुधा उभीच ठेवतो. शिवाय तिने इतके मालक आणि इतके उस्ताद पाहिले आहेत की, तिच्यातला कोणता अवयव मूळचा आणि कोणता दुसऱ्या कोणा मृत वाहनाचा, हे खुद्द तिलाही सांगता येणार नाही. मागला आस तर, जाणकारांच्या मते, दत्तक आलेला आहे.

मेहुण्यांच्या प्रश्नाने झोप उडाल्यावर मी या विषयाचे वाचन सुरू केले. वाचनाने मनुष्य सुज्ञ होतो हे खरे. परंतु सुज्ञ झाल्यावर त्याला गप्प बसवत नाही, हेही तितकेच खरे. या यंत्राचा सारांश असा. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबचा पल्ला पडतो. दोन चाकांमधील अंतर सव्वा-दीड मीटर धरले, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे दोन मीटर अधिक चालते, आणि मौज अशी की, वळण गल्लीचे असो वा हमरस्त्याचे, ही तफावत तेवढीच राहते. आता दोन्ही चाके एकाच दांड्याला खिळलेली असतील, तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर फरफटत जावे लागेल. ही फरफट टाळावी म्हणून १८२७-२८ च्या सुमारास पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने, वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी, दंतचक्रांची अशी काही योजना केली की, एका चाकाने जितका वेग अधिक घ्यावा तितका दुसऱ्याचा आपोआप कमी व्हावा आणि दोघांची बेरीज मात्र कायम राहावी. बेंझची मोटार १८८६ची. म्हणजे उपाय मोटारीच्या सुमारे साठ वर्षे आधीच तयार होऊन बसला होता. माझ्या नोकरीत तरी उपाय असा तक्रारीच्या आधी आल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

महसुली दृष्टीने पाहिले तर हा दोन सहहिस्सेदारांमधील तोडगाच आहे. फक्त त्याच्यात एक दोष राहून गेला. एक चाक कोरड्या जमिनीवर आणि दुसरे चिखलात, असा प्रसंग आला की, सारी फिरत चिखलातल्या चाकाच्या वाट्याला जाते. ज्याला काही ओढावयाचे नाही ते गरगर फिरत राहते, आणि ज्याच्या अंगावर भार आहे ते जागच्या जागी उभे. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कचेरीचा संपूर्ण नकाशा उभा राहिला. मी पुस्तक मिटले, पाणी प्यालो आणि पुन्हा वाचू लागलो.

यंत्राचे ज्ञान झाले, आता तेल बदलावे, एवढा सरळ मामला होता. परंतु मुदखेड हे काही एकांतवासाचे स्थान नव्हे. हे जंक्शनचे गाव आहे. निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे येथून गेली. आज एक लोहमार्ग उमरी, धर्माबाद, बासर करीत निजामाबादेकडे जातो, आणि दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवटच्या वाटेने आदिलाबादेकडे वळतो. ज्या गावात गाड्यांना वाटा फुटतात, त्या गावातील प्रत्येक माणसाला वळणांविषयी मत असणे क्रमप्राप्तच आहे. मी गाडीखाली नुसते वाकून पाहिले, तोच फाटकाशी पहिली हजेरी लागली.

रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले आमचे शेजारी अण्णा हातात दुधाची पिशवी घेऊन उभे होते.

"काय हुडकायलाव साहेब?"

मी डिफरन्शियलचा उच्चार केला. अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले की, जणू मी त्यांच्यापाशी पालखीचे सुटे भाग मागत आहे.

"आमच्या गाडीला असलं काही नसतंय," ते म्हणाले. "हजारो टनाची मालगाडी. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट दाबून बसविलेली. वळती का नाही?"

वळते, हे मला मान्य करावे लागले, कारण त्याच वेळी एक मालगाडी स्टेशनाबाहेरचे वळण घेत होती. मग अण्णांनी दुधाची पिशवी बॉनेटवर ठेवली आणि खुलासा केला. आगगाडीच्या चाकाची धाव सपाट नसते. ती वीसास एक या प्रमाणात निमुळती कातलेली असते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला किंचित सरकते, त्यासरशी बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर चालू लागते, आणि अंतराची तफावत विनातक्रार भरून निघते. ना दंतचक्र, ना तेल. मी इतकेच विचारण्याचे धाडस केले की, मग अवघड वळणावर तुमची चाके किंचाळतात ती कशाने? अण्णांनी पिशवी उचलली. "किंचाळू द्या की. पोचते ना गाडी?" असे म्हणून ते गेले, परंतु परत येण्यासाठी गेले, हे मला लवकरच कळणार होते.

त्यांच्यामागून बापू आले. बापूंची बैलगाडी ही आमच्या गल्लीतील शेवटची बैलगाडी असून, त्या नात्याने वाहतुकीच्या सर्व प्रश्नांवर त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो, निदान ते तसा मानतात. त्यांचे म्हणणे असे पडले की, बैलगाडीत आस फिरतच नाही. तो आपल्या जागी स्वस्थ असतो, आणि दोन्ही चाके आपापल्या तुंब्यावर आपापल्या मर्जीने फिरतात. एकाचे दुसऱ्याला बंधन नाही, म्हणून समजूत घालणाऱ्या मध्यस्थाचीही गरज नाही. अधूनमधून नळ्यातले वंगण लावले की झाले.

"पण बापू, तुमच्या चाकांना कोणी फिरवीत नाही, बैल गाडी ओढतात आणि चाके मागून येतात. इथं इंजिनाला चाकंच फिरवायची असतात," मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत निवेदन केले.

"ते जाऊ द्या," बापू म्हणाले. "चालतीया ना सध्या?"

"चालते."

"मग उघडायचं कामून?"

या प्रश्नाला जगातील कोणत्याही भाषेत उत्तर नाही. त्यातून मी सावरतो न सावरतो तोच समोरच्या घरातला ट्रॅक्टरवाला तरुण रस्ता ओलांडून आला व त्याने सांगितले की, त्यांच्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल असते खरे, परंतु चिखलात ते उपद्व्याप करते म्हणून टाचेपाशी एक पट्टी दिलेली असते. ती दाबली की त्याला कुलूप बसते. "कुलपात ठेवलं की नीट ऱ्हातंय ते," असा त्याचा अभिप्राय. अशा रीतीने, ज्या यंत्राच्या सेवेसाठी मी बाह्या सरसावल्या होत्या, त्याची एकाला गरज नव्हती, दुसऱ्याला ठाऊक नव्हते, आणि तिसरा ते बंद करून ठेवण्याच्या बाजूचा होता. तिघांचेही एका गोष्टीवर एकमत होते. ते माझ्याविषयी होते.

अखेरचा आधार म्हणून स्टेशनरोडच्या बाजूला ज्यांचे गॅरेज आहे, त्या वृद्ध उस्तादांकडे गेलो. निजामाच्या काळी जन्मलेल्या या गृहस्थांनी तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतले आणि दख्खनी जबानीत निकाल दिला: "साब, छेडो नक्को उसकू. इत्ते साल की गंद अंदर जमी, उसीच के भरोसे पे दाताँ चलरे. नवा तेल डालेंगे तो एक-दुसरे कू पैचानेंगे नै." हा युक्तिवाद मी पुष्कळ संस्थांविषयी ऐकला आहे, आणि दरवेळी तो मला पटला आहे. परंतु नोंदवहीत "मागला आस" असा रकाना मी शाईने पाडून ठेवला होता, आणि भरल्यावाचून राहिलेला रकाना पाहून मला अन्न गोड लागत नाही.

तेल विकत घेणे हा स्वतंत्र खटला आहे. नांदेडच्या एका दुकानात जाऊन मी मोठ्या आत्मविश्वासाने "नव्वद नंबर द्या" म्हणालो. नव्वद नंबर हे मराठवाड्यातील प्रत्येक चालकाच्या जिभेवर असलेले नाव. ते तेलाच्या दाटपणाचे माप आहे. दुकानदाराने मान वर न करता विचारले, "जीएल-४ का जीएल-५?" मी मेहुण्यांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "चार घ्या, पाचानं पितळ खाल्लं जातं." दुकानातला दुसरा एक गिऱ्हाईक म्हणाला, पाचच घ्या, चाराने दात खाल्ले जातात. मेहुण्यांना ते ऐकू गेल्यामुळे त्या दोघांचा माझ्या दूरध्वनीवरून, माझ्या खर्चाने, बराच काळ संवाद झाला. गंमत अशी की, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९२६ च्या सुमारास मोटारींत हायपॉइड नावाची दंतचक्रे आणली. त्यांत प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचे लहान चक्र मोठ्या चक्राच्या मध्याखाली बसते, त्यामुळे शाफ्ट खाली येतो, गाडीची बैठक खाली आणता येते, आणि मालक रुबाबदार दिसतो. परंतु त्या रुबाबाची किंमत दातांना मोजावी लागते. ते नुसते एकमेकांवर फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतातही. तेव्हा तेलात गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळावी लागतात. पाचात ती अधिक, म्हणून दात वाचतात. परंतु काही जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना ती बाधतात. माझ्या आसात पितळ नसून दातच होते, म्हणून मी पाच घेतले. दुकानदार म्हणाला, "हेच खपतंय," आणि मला वाटते त्याच्या शास्त्राला एवढा आधार पुरेसा होता.

तेल काढण्यापूर्वी ते ऊन झालेले असावे, म्हणजे पातळ होऊन गाळासकट बाहेर येते, असा ग्रंथांचा आदेश. म्हणून मी बारडच्या फाट्यापर्यंत गाडी फिरवून आणली. परत आलो तो अंगणात सभा भरलेली. अण्णा खुर्चीवर, बापू ओट्यावर, ट्रॅक्टरवाला फाटकावर, आणि ज्यांनी छेडू नका म्हणून बजावले होते ते उस्तादही "बस, देखने कू आया" म्हणून हजर. आमच्या सौभाग्यवतींनी सर्वांसाठी चहा टाकला होता, आणि तो देताना त्या माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहात होत्या तिच्यात पुढील चहांचाही हिशेब होता.

गाडी सपाटीवर उभी असली पाहिजे, नाहीतर तेलाची पातळी खोटी कळते. आमचे अंगण सपाट आहे की नाही यावर प्रथम ऊहापोह झाला. अण्णांनी ताटलीत पाणी ठेवून पाहिले. पाणी नालीकडे कलले. बापूंनी अंगण बांधणाऱ्या गवंड्याच्या घराण्याचा इतिहास सांगितला. शेवटी जॅक आणि चार घोड्या मिळवून गाडी चारी बाजूंनी सारखी उचलण्यात आली, आणि मी पाठ टेकून तिच्याखाली शिरलो.

आता या कामातला एकमेव सुवर्णनियम असा की, तेल भरण्याचे वरचे बूच आधी उघडावे आणि सोडण्याचे खालचे बूच मागाहून. कारण उघड आहे: खालून तेल सोडून दिले आणि वरचे बूच उघडेचना, तर गाडीत ना जुने तेल ना नवे, अशी अवस्था होते. हा नियम मी गाडीखालून मोठ्याने जाहीर केला. वर शांतता पसरली.

"तेल खाली ऱ्हातंय का वर?" बापूंचा आवाज आला.

"खाली."

"मग वरचं बूच कामून?"

मी कारण सांगितले. ते कोणालाच रुचले नाही. जे काढावयाचे ते काढण्याआधी, जे घालावयाचे आहे त्याची वाट मोकळी आहे ना हे पाहणे, ही रीत आमच्या भागात नवीन आहे. आमच्याकडे जुना रस्ता आधी उखडतात. परंतु आसाखाली मी एकटा होतो आणि पाना माझ्या हाती होता.

वरचे बूच हलेना. काही अनामिक पूर्वसूरींनी त्याचा चौकोनी माथा इतक्या पान्यांनी खाल्ला होता की, तो आता गोल म्हणावा की चौकोनी, हा प्रश्न होता. डिझेल ओतून वाट पाहिली. हातोडीने ठोकले. ट्रॅक्टरवाल्याने पान्याच्या दांडीला लोखंडी नळी जोडून तिची लांबी वाढविली आणि मला म्हणाला, "साहेब, जोर लावा." मी लावला, बूच स्थिर राहिले, गाडी घोड्यांवर हलली, आणि सर्व सभासद एका उडीत ओट्यावर चढले. माझ्या छातीवर मातीचा व जुन्या डांबराचा जो थर कोसळला, त्यात निदान तीन जिल्ह्यांचे रस्ते असावेत. उस्ताद म्हणाले, "बोला था ना." अण्णांचे मत पडले की, बुचाला तापवावे. तेलाने भरलेल्या घटाला अंगणात आग लावण्याच्या या ठरावाविरुद्ध माझे एकट्याचे मत पडले. परंतु ज्याच्या छातीवर आस आहे त्याला नकाराधिकार असतो, असे मी तिथल्या तिथे जाहीर केले.

इतक्यात फाटकावरून एक जवान चालला होता. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तो तिथल्या मोटारविभागातला असावा, कारण त्याने काहीही न विचारता गाडीखाली डोके घातले, बुचाकडे पाहिले, एक जुना नट त्याच्या झिजलेल्या माथ्यावर बरोबर कसा बसतो ते पाहिले, मग हातोडीचा एकच ठोका बाजूने मारला आणि पाना फिरविला. बूच कुरकुरले व सुटले. जवान उठला, हात झटकले आणि निघून गेला. त्याने चहा घेतला नाही, सल्ला दिला नाही, पूर्वीच्या उस्तादांना नावे ठेविली नाहीत. सभेला त्याचे हे वर्तन आवडले नाही. "कुठलाय हा?" बापूंनी संशयाने विचारले, आणि नंतर बराच वेळ, माणसे अशी न बोलता कामे करू लागली तर पुढे कसे व्हायचे, यावर चर्चा झाली.

खालचे बूच सहज सुटले आणि तेल घमेल्यात उतरू लागले. काळे, दाट, संथ. आणि त्याबरोबर असा एक दर्प अंगणभर पसरला की, कुजलेल्या अंड्यांची एखादी वखार कोणी उघडली असावी. तो गंधकाचा प्रताप होता. मुदखेडच्या आसपास फुलांची शेती आहे; त्याच सुमारास मोगऱ्याच्या पाट्या घेऊन जाणारी एक बाई फाटकाशी थबकली आणि तिने ओरडून विचारले, "साहेब, नाली तुंबली का ओ?" मग ती पदराने नाक दाबून रस्त्याच्या पलीकडून गेली. मोगऱ्याने तेवढ्या वाऱ्याशी एकट्याने झुंज देऊन पाहिली. पराभव कोणाचा झाला हे सांगणे नलगे.

खालच्या बुचाच्या टोकाला लोहचुंबक होते आणि त्याच्यावर करड्या रंगाची लोण्यासारखी मऊ लुकण जमली होती. पंचनामा सुरू झाला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, दात संपले. मी ग्रंथाधारे सांगितले की, असा मऊ लेप ही नैसर्गिक झीज होय, लोखंडाचे कपचे निघते तर काळजी. उस्तादांनी ती लुकण अंगठ्यावर घेऊन उन्हात धरली, हुंगली, आणि एखाद्या हकिमाच्या गांभीर्याने "ठीक है" म्हणाले. मी ते नोंदवहीत त्यांच्या नावासह उतरविले. यामुळे ते एवढे प्रसन्न झाले की, आसाच्या माथ्यावर हवा जाण्यासाठी एक लहानसे छिद्र असते, ते मातीने बुजले की आतली तापलेली हवा तेलाला सीलमधून ढकलून ब्रेकवर नेते, ही खरोखरीची मौल्यवान माहिती त्यांनी आपणहून सांगितली आणि तारेने ते छिद्र मोकळेही करून दिले. छेडू नका, या मताचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही.

नवे तेल भरणे हा शेवटचा अंक. भोक आडवे, वर गाडीचा तळ, मध्ये जागा वीतभर. फवारणीचा पंप मागविला. त्याच्या तोटीतून नव्वद नंबर उतरेना. कोणीतरी दवाखान्यातून सलाईनची नळी आणली. त्या गतीने होळीपर्यंत लिटरभर गेले असते. शेवटी एक जाड रबरी नळी मागल्या चाकाच्या कमानीतून खाली सोडून, वर नरसाळे धरून, अण्णा ओतू लागले व मी खाली भोकाशी बोट लावून पडून राहिलो. तेल भोकाच्या काठोकाठ येऊन बाहेर ओघळू लागले की भरले, असा नियम. ते ओघळले, प्रथम मनगटावर आणि मग बाहीतून पुढे काखेपर्यंत. "भरलं का?" अण्णांनी विचारले. "भरलं," मी म्हणालो. ते नीट ऐकू न आल्यामुळे त्यांनी आणखी ओतले.

त्यानंतर मला ओट्याच्या अलीकडे मज्जाव झाला. साबण, शिकेकाई, डाळीचे पीठ, लिंबू यांपैकी कशानेही तो दर्प हटला नाही. "तुम्ही आज ओसरीतच जेवा," असे सांगून सौभाग्यवतींनी ताट लांबून सरकविले. मी मात्र समाधानात होतो. रकाना भरला होता.

राहता राहिला घमेल्यातील मुद्देमाल. हे जळके, दुर्गंधी तेल कोठे टाकावे या विवंचनेत मी असता, संध्याकाळी फाटक वाजले. अण्णा रिकामी बाटली घेऊन आले होते. त्यांच्या देवघराच्या चौकटीला वाळवी लागली आहे, आणि वाळवीला या तेलासारखा इलाज नाही. त्यांच्यामागे ट्रॅक्टरवाला, नांगराच्या फाळाला गंज चढू नये म्हणून त्याला थोडे हवे होते. समोरच्या घराच्या स्लॅबचे काम करणारा मुकादम आला. सेंट्रिंगच्या पाट्यांना लावावयास तेल पाहिजे. उस्तादांनी पोऱ्यास डबा देऊन पाठविले, "साब, काला तेल फेको नक्को" असा निरोप. सबंध तेल लिटर-सव्वा लिटर, आणि दावेदार फाटकाबाहेरपर्यंत.

रेशनच्या वाटपाचा अनुभव अशा वेळी कामी येतो. मी नोंदवही काढली, अर्जदारांची नावे, कारण, मागणी आणि मंजूर परिमाण असे चार रकाने पाडले, चहाचा लहान पेला माप म्हणून ठरविला आणि प्रत्येकाची सही घेऊन वाटप केले. ज्यांनी हे तेल बाहेर काढू नये म्हणून कळकळीने विरोध केला होता, ते आता आपल्या पेल्याला फेस आहे अशी तक्रार करू लागले. शेवटी आले बापू. त्यांनी वंगणाचा नळा पुढे केला. मी घमेले तिरपे करून, बोटाने निपटून, तळाशी राहिलेले सारे त्यात घातले. बापूंनी नळ्यात डोकावून पाहिले, मग माझ्याकडे, मग अंगणातल्या कॉन्टेसाकडे.

"एवढ्यानं काय होतंय साहेब?" ते म्हणाले. "अमावास्येला परत उघडा की."